मांडवगणच्या पुढं गाडी हलकी झाली

आमच्या गाडीचं स्टेअरिंग जड आहे हे मी गेली सोळा वर्षं घरात सांगते आहे, आणि घरातले गेली सोळा वर्षं ‘हो का’ म्हणून पेपर वाचताहेत. गाडी छोटी, मोतिया रंगाची. पॉवर स्टेअरिंग हे लाड फक्त मोठ्या गाड्यांचे असत, त्या काळातली. सरळ रस्त्यावर ती गुणी बाळासारखी जाते. वळवायची म्हटलं, त्यातून जागच्या जागी, की जात्याचा खुंटा धरल्यासारखं वाटतं.

मागच्या महिन्यात सोसायटीच्या फाटकातून आत येताना मला पुरतं वळण घेता आलं नाही आणि गाडीनं खांबाला गाल घासला. मी म्हणाले, स्टेअरिंग जड आहे. माझा मुलगा निनाद म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं.” वर्षापूर्वी माझं उजवं मनगट मोडलं होतं, त्यामुळे त्याच्या बोलण्यात काळजी होती हे मला कळत होतं. पण काळजीपाठोपाठ तो गिऱ्हाईकही घेऊन आला. रविवारी माणूस येणार आणि गाडी नेणार. “लागेल तेव्हा कॅब मागव ना आई,” तो म्हणाला. मला कॅबचं वावडं नाही. पण ते ॲप त्याच्या फोनवर, म्हणजे मी मैत्रिणीकडं भिशीला निघाले तरी आधी त्याला कळणार. सत्तावन्नाव्या वर्षी मला कुणाला सांगून भिशीला जायचं नव्हतं.

गंमत अशी की पुढच्या महिन्यात लग्न त्याचंच होतं आणि गावाकडच्या पत्रिका अजून वाटायच्या होत्या. निमोणे, मांडवगण फराटा, दौंड आणि येताना कासुर्डी. आमच्याकडं पत्रिका पोस्टानं किंवा फोनवर पाठवली तर ती आली असं कुणी धरत नाही. घरी जाऊन, कुंकू लावून, अक्षता देऊन हातात द्यावी लागते. मी म्हटलं, “मी जाते. एका दिवसात चारही घरं. स्टेअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागला तर गाडी रविवारी दे. नाही लागला तर गिऱ्हाईक परत पाठव.”

निनाद हसला. म्हणाला, “चालेल. पण आत्या बरोबर येईल.”

आत्या म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि अजून सगळ्या जगाचे पेपर तपासतात. आमचे हे साक्षीदार म्हणून कुचकामी होते, कारण गाडी सुरू झाली की ते झोपतात.

तर शुक्रवारी सकाळी सातला आम्ही दोघी हडपसरहून निघालो. जानेवारीची थंडी होती. वन्सं मागच्या सीटवर बसल्या. “पुढं बसलं की मलाच ब्रेक मारावा लागतो,” असं कारण त्यांनी दिलं. मुंढव्यावरून नगर रस्त्याला लागेपर्यंत माझ्या खांद्यांनी तक्रार सुरू केली होती. शिक्रापूरला चहा प्यायलो तेव्हा मी कप डाव्या हातानं उचलला. वन्संनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा मार्क कापत असतात.

रांजणगावला कंपन्यांच्या बसगाड्यांनी आम्हाला अर्धा तास अडवलं. तिथून आत वळलो आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूला कांद्याची हिरवी वावरं, मधेच हरभरा, बांधावर बाया निवांत बसून भाकरी खाताहेत. निमोण्यात आमचे चुलतदीर बाळूभावजी राहतात. त्यांच्या अंगणात मी गाडी थेट आत घातली, ही पहिली चूक. अंगणात एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला कांद्याची चाळ (कांदा साठवायची जाळीची शेड) आणि मधे गाडीएवढीच जागा.

पत्रिका दिली, कुंकू लावलं, पोहे झाले, चहा झाला, परत चहा झाला. निघताना मी स्टेअरिंगला लोंबकळले तरी गाडी वळेना. एक वीत पुढं, एक वीत मागं. गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून माझ्याकडं बघायला लागली.

“वहिनी, उतरा तुम्ही. मी काढून देतो,” भावजी म्हणाले.

“स्टेअरिंगला हात लावायचा नाही!” मी ओरडलेच. मग त्यांना पैज सांगावी लागली.

भावजींनी क्षणभर विचार केला आणि चाळीत काम करणाऱ्या तिघांना हाक मारली. चौघांनी मिळून गाडीचं मागचं अंग उचललं आणि आडवी सरकवत सरकवत तोंड रस्त्याकडं करून ठेवलं. मी आत बसूनच होते. “हाय काय आन् न्हाई काय,” भावजी हात झटकत म्हणाले. “स्टेरिंगला कुणी शिवलं का? न्हाई.”

मी वन्संकडं बघितलं. त्यांनी चष्मा वर केला. “नियमात बसतं,” त्या म्हणाल्या, पण नाइलाजानं.

एवढं झाल्यावर भावजींनी डिकी उघडायला लावली. पत्रिका घेऊन आलेल्याला रिकाम्या गाडीनं पाठवणं त्या घराला कधी जमलेलं नाही. अर्धं पोतं कांदे आणि एक काशीफळ (लाल भोपळा) आत गेलं. आम्ही नको नको म्हणालो, ते घ्या घ्या म्हणाले, आणि ज्यांचं आधीच ठरलेलं असतं त्यांचंच झालं.

निमोणे सोडलं आणि दोनतीन वळणांनंतर मला जाणवलं की आज हात बरे चालताहेत. मी मनात म्हटलं, सकाळी अंग थंड होतं, आता गरम झालं असेल.

मांडवगण फराट्याला वन्संचं आणि आमच्या ह्यांचं आजोळ. मामा आता थकलेत, पण आवाज अजून शेताच्या पलीकडं जाईल असा. गाडी बघून म्हणाले, “ही अजून चालती व्हय? म्या म्हणलं मोडीत गेली आसंल.” मी म्हटलं, “मामा, रविवारी कळेल.” जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं शेंगुळं (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या तुकड्यांची तिखट आमटी), लसणाची चटणी आणि लोण्याचा गोळा. मी दोनदा वाढून घेतलं. गाडी हाकायला ताकद लागते, असं कारण मी मोठ्यानं सांगितलं.

इथं डिकीत ज्वारीचं पोतं गेलं, पन्नास किलोचं. गुळाच्या दोन ढेपा गेल्या. उसाच्या कांड्यांची मोळी सीटवर वन्संच्या शेजारी आली. मामी म्हणाल्या, “ह्ये लग्नाच्या घरासाठी हाय, तुमच्यासाठी न्हाई, तवा न्हाई म्हनू नका.”

मांडवगणच्या वेशीबाहेर आले आणि चमत्कार झाला. स्टेअरिंग हलकं झालं. थोडं नाही, लोण्यासारखं. वळणावर नुसता हात टेकवला की चाक फिरायचं. मी एका बोटानं फिरवून बघितलं. फिरलं! सोळा वर्षांत जे झालं नव्हतं ते मांडवगणच्या शेंगुळ्यानं केलं होतं. मला इतका आनंद झाला की मी गाडी बाजूला घेऊन निनादला फोन लावला.

“एका बोटानं चालवतेय,” मी सांगितलं. “विचार आत्याला. हात नव्हते रे कमजोर, सराव नव्हता. गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून टाक.”

“आई, घरी ये आधी,” तो म्हणाला. पण त्याचा आवाज जरा उतरला होता, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

भीमेच्या पुलावर गाडी थोडी डावीउजवीकडं झोके घेत होती. मी त्याला सफाई म्हणत होते. वन्सं मागून म्हणाल्या, “शैला, नागमोडी का चालवतेस?” मी म्हटलं, “हलकं आहे ना, सवय नाही अजून.” पूल ओलांडल्यावर साखर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एकेकाला दोन दोन ट्रॉल्या, वर उसाचे डोंगर. रांगेला वळसा घालायला मी कडेच्या मुरमावरून गाडी घेतली आणि डावीकडच्या वळणाला चाक फिरवलं. चाक फिरलं. गाडी फिरली नाही. ती सरळच गेली, शांतपणे, मला न विचारता, आणि पुढचं एक चाक चारीच्या (कालव्यातून शेताला पाणी देणाऱ्या छोट्या पाटाच्या) काठावरून खाली गेल्यावर थांबली.

वेग बैलगाडीचा होता म्हणून कुणाला काही लागलं नाही. मागं उसाची मोळी वन्संच्या मांडीवर आली होती.

रांगेतल्या एका ट्रॅक्टरवरून एक माणूस उतरून आला. चाळिशीचा, डोक्याला मफलर, कपड्यांना उसाच्या पाचटाची कुसळं. नाव दशरथ, हे नंतर कळलं. तो माझ्याकडं आलाच नाही. सरळ गाडीच्या मागं गेला, डिकी बघितली, मग बाजूला उकिडवा बसून गाडीचा कल बघितला आणि हसायला लागला.

“ताई, मागं काय धान्याचं दुकान भरलंय का?”

“पाहुण्यांनी दिलंय,” मी म्हटलं.

“मंग बरूबर हाय. तुमचं म्होरलं उचललंय. स्टेरिंग लई हलकं लागत आसंल?”

“हो! लोण्यासारखं!” मी अजून अभिमानानंच सांगितलं.

“आवो, ती चांगली गोष्ट न्हाई!” त्यानं स्वतःच्या ट्रॅक्टरकडं बोट केलं. ट्रॅक्टरच्या नाकावर दोरीनं दोन मोठे दगड बांधलेले होते. “दोन ट्रॉल्या लावल्या की आमचं बी म्होरलं अंग वर येतंय. म्हनून दगडं बांधायची. स्टेरिंग जड लागलं म्हंजी चाक जमिनीला धरून हाय. हलकं लागलं की आमच्या पोटात गोळा येतोय.”

मला हे ऐकून काय वाटलं ते सांगते. अपघाताची भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली, आणि तीही चांगली सणसणीत. माझ्या हातांत काहीही सुधारलेलं नव्हतं. कांदे, भोपळा, ज्वारी, गूळ आणि माफ करा, मागच्या सीटवरच्या वन्सं, या सगळ्यांनी मिळून माझे हात सुधारले होते. आणि मी त्याचा फोन करून डंका पिटला होता.

दशरथनं आणि रांगेतल्या दोघांनी सामान हलवलं. ज्वारीचं पोतं डिकीतून काढून पुढच्या सीटच्या पाठीला लावून उभं केलं. गुळाच्या ढेपा पुढं पायापाशी. “आन् अक्का, तुमी म्होरं बसा,” तो वन्संना म्हणाला.

“माझं वजन विचारायचं नाही,” वन्सं म्हणाल्या.

“न्हाई इचारत. दिसतंय.”

मी तोंड फिरवलं. हसले असते तर आम्हा नणंद-भावजयीचा तीस वर्षांचा हिशेब तिथंच चुकता झाला असता.

मग मी आत बसून स्टेअरिंगला हात घातला. तेच जुनं जातं. वर्षापूर्वी मोडलेल्या मनगटातून कळ कोपरापर्यंत गेली. पुढं दौंड, मग पाटसवरून सोलापूर रस्ता, कासुर्डी, आणि शेवटी आमच्या सोसायटीचं ते फाटक. मला खरंच वाटलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. दशरथ खिडकीशी वाकून म्हणाला, “मी देतो की दौंडपातुर चालवून. रांग काय दोन तास हलत न्हाई.”

वन्संही हळू आवाजात म्हणाल्या, “दे त्यांना, शैला. हरलीस तर हरलीस. हात महत्त्वाचा.”

मी जवळजवळ दार उघडलं होतं. मग डोळ्यांसमोर मी निनादच्या दारात उभी राहिलेली दिसले, भिशीला जायला कॅब मागव रे म्हणून. मी दार ओढून घेतलं. म्हटलं, “चालवू नका. शिकवा.”

आणि जे सोळा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही ते त्यानं एका दमात सांगितलं. “चाक हुबं आसताना फिरवायचंच न्हाई. आधी गाडी हलू द्या, येवढीश्शी, मंग फिरवा. दोन्ही हातांनी एकाच बाजूला वढू नका. एका हातानं खाली वढा, दुसऱ्यानं वर ढकला. आन् श्वास धरून बसू नका, पैलवान बी धरत न्हाईत.”

त्यांनी पुढून ढकललं, मी मागं घेतलं. गाडी हलली, मग मी फिरवलं. जड होतं, पण वळलं. दशरथनं पैसे घेतले नाहीत, तेव्हा मी त्याला लग्नाची पत्रिका दिली, कुंकवासकट. मफलर काढून त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि जाऊन ट्रॉलीतून दोन ऊस उपसून आणले. वन्सं म्हणाल्या, “पुढं ठेवा हं.”

दौंडला माझी चुलत जाऊ विमल रेल्वेच्या वसाहतीत राहते. मी ठरवलं होतं की ओझं इथं उतरवायचं. भोपळा, एक ढेप आणि निम्मे कांदे तिच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. विमलला फार आनंद झाला. इतका की तिनं माझ्या पिशव्या रिकाम्या परत द्यायला साफ नकार दिला. एकीत शेंगदाणे, दुसरीत तांदूळ, आणि वर पापडखाराचा मोठा डबा, लग्नाचे पापड करायला. मी वजन केलं नाही, पण उचलताना मला विमलचा थोडा राग आला. वन्संनी न सांगता सगळं पुढं रचलं आणि स्वतः त्यात पाय दुमडून बसल्या.

सोलापूर रस्त्यावर सरळ जायचं असल्यानं हात निवांत होते. वरवंड आलं. मग वन्सं समोर बघतच म्हणाल्या, “मी पन्नाशीत स्कूटर शिकायला घेतली होती. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी घरी सगळे म्हणाले, काय गरज आहे.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. गरज नव्हती,” त्या म्हणाल्या, आणि पायांतली ढेप थोडी सरकवली.

कासुर्डीत ज्यांना पत्रिका द्यायची ते आबा आणि त्यांची सून मळ्यात होते. बोळात गाडी न घालण्याएवढी अक्कल मला दिवसभरात आली होती. मी डांबरी रस्त्यावर तोंड पुण्याकडं करून गाडी लावली आणि आम्ही चालत गेलो. आबांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन वाचली. “गाडी कोण चालवतंय?” त्यांनी विचारलं. वन्संनी माझ्याकडं हात केला. “एकलीच?” “एकटीच,” वन्सं म्हणाल्या. सुनेनं लगेच एक पाटी अंजीर दिली. ती घरापर्यंत वन्संच्या मांडीवर राहिली आणि उरुळी कांचनपर्यंत त्यातली चार कमी झाली.

साडेसातला आम्ही सोसायटीशी पोचलो. निनाद फाटकातच उभा होता, खांबाशेजारी, मोबाइलचा दिवा लावून. मी थांबले. मनगट सुजलं होतं आणि बोटं वळत नव्हती. गाडी हलू दिली, एवढीशी. एका हातानं ओढलं, दुसऱ्यानं ढकललं. खांब आरशाच्या इतका जवळ आला की निनादनं डोळे मिटले. पहिल्यांदा जमलं नाही. मागं घेतली, परत हलू दिली, परत फिरवली. गाडी खांबापासून चार बोटं सोडून आत गेली.

“एका बोटानं चालवत होतीस ना?” निनाद म्हणाला.

मी कबूल केलं. कांद्यापासून पापडखारापर्यंत सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि मग आत्याकडं वळला. “आत्या, खरं सांग.”

“एकदा चारीत घातली,” वन्सं अंजिरांची पाटी सांभाळत उतरल्या. “निमोण्यात चौघांनी उचलून वळवली. पुलावर नागमोडी चालवत होती. स्टेअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. गिऱ्हाइकाला फोन कर.”

त्यानं तिथंच उभ्या उभ्या फोन केला.

प्रवासवर्णनात शेवटी काय शिकलो ते लिहितात. मी शिकले ते असं की आपल्याला काही एकाएकी सोपं जाऊ लागलं तर आधी डिकी उघडून बघावी. सोमवारी मी गॅरेजमध्ये गेले. पुढच्या चाकांत हवा कमी निघाली, एक सांधा कोरडा निघाला. दोन्ही नीट केलं. आता जातं थोडं हलकं फिरतं, पण आहे जातंच.

प्रवासानंतरचे चार दिवस मला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. कुणी विचारलं तर मी थंडी आहे म्हणायचे. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, निनाद अजून फोनवर गिऱ्हाइकाची समजूत काढत असताना, मी कणीक मळायला घेतली होती आणि मूठ आवळत नव्हती. वन्सं आल्या, परात स्वतःकडं ओढली आणि बाह्या वर केल्या.

निनादनं फोन खाली ठेवून विचारलं, “आज आत्या का मळतेय?”

“मला हौस आलीय,” वन्सं म्हणाल्या, आणि माझ्याकडं न बघता कणकेत पाणी घातलं.